थिंगवेत्लिर: छत्री घरीच ठेवा

पार्किंगपासून शंभर पावलं गेलो नाही तोच छत्री उलटी झाली, दोन काड्या मोडल्या. आइसलँडला छत्री न्यायचीच नाही. वारा आणि पाऊस दोन्ही अडवेल असं टोपीचं जाकीट न्यायचं.

थिंगवेत्लिर हे आइसलँडचं राष्ट्रीय उद्यान, राजधानी रेक्याविकपासून साधारण ४५ किलोमीटर. आम्ही सप्टेंबरात भाड्याच्या गाडीने गेलो. उद्यानाला तिकीट नाही, पार्किंगचे पैसे मात्र पडतात. गोल्डन सर्कल या पर्यटकांच्या नेहमीच्या फेरीच्या बसेस इथे थोडाच वेळ थांबतात. त्यात घळ बघून होते, धबधबा हुकतो. जमलं तर स्वतःची गाडी घ्या आणि तीन तास धरा.

वरच्या माहिती केंद्राजवळच्या कठड्यावरून आधी सगळा पट डोळ्यांखाली घाला, मग उतरा. अल्मान्नाग्याऊ घळीत शिरताच डावीकडे उंच, सरळसोट काळा कडा आणि उजवीकडे खचलेली ठेंगणी भिंत. माझ्या तोंडून निघालं, "अरे, ही तर नाळ!" सह्याद्रीत कड्यांमधल्या अरुंद घळीला म्हणतात ती. दगडही आपल्या ओळखीचा, बेसाल्टच. पण सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, हा लाव्हा जेमतेम दहा हजार. काही ठिकाणी त्याच्या वळकट्या अजून पिळलेल्या दोरासारख्या दिसतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे इथे बोट ठेवून दाखवता येतं. बोट ठेवा, पण शेवाळावर पाय नको.

'एक पाय अमेरिकेत, एक युरोपात' हा फोटो सगळेच काढतात, आम्हीही काढला. खरं तर हा कडा म्हणजे उत्तर अमेरिकी प्लेटची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या एका प्रचंड तुकड्याची, कड. युरेशियाची बाजू पूर्वेला काही किलोमीटरवर, आणि मधला सगळा सपाट भाग हळूहळू खचतोय. दहा हजार वर्षांत तो सुमारे ७० मीटर रुंदावला, ४० मीटर खाली बसला. तेही नुसतं दरवर्षी थोडं थोडं असं नव्हे: १७८९ च्या भूकंपांत तळ काही दिवसांतच मीटरभराहून जास्त खचला. २०११ मध्ये तर चालायच्या वाटेतच भगदाड पडलं. आता तिथे लाकडी पूल आहे, त्याच्या कडेने खाली डोकावून बघा.

झेंडा दिसेल तिथे लोगबर्ग, म्हणजे 'कायद्याचा खडक'. ९३० पासून इथे उघड्यावर संसद भरायची, कायदे तोंडपाठ म्हटले जायचे. १७ जून १९४४ ला प्रजासत्ताकाची घोषणाही इथेच झाली, तीही पावसात! पुढे ओक्सारारफॉस धबधब्यापर्यंत जाच. हिवाळ्यात वाट निसरडी होते, बुटांना लावायचे खिळे सोबत हवेत.

सिल्फ्राच्या भेगेत स्नॉर्केलिंग करायचं तर आधीच बुकिंग करा. पाणी २ ते ४ अंश, नजर शंभर मीटरपर्यंत पोचते. नवरा उतरला. ड्रायसूटमुळे अंग कोरडं राहतं, हातमोजे मात्र भिजतात. बाहेर आल्यावर ओठ इतके बधिर झाले होते की अर्धा तास त्याचं बोलणं कळत नव्हतं. कळलं तेव्हा तो थर्मासमधला चहा मागत होता, आणि तो मी संपवला होता.