पोलिसांसाठी वेगळी ओळ

गेल्या आठवड्यात मी ठाण्याला आले, तेव्हा बॅगा उघडण्याआधीच बाबांनी माझ्याकडून एक कागद मागून घेतला. आमच्या इंग्लंडमधल्या घराच्या कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीचे, ते बिल होते. फोनवर मी त्याविषयी बोलले होते, पण बाबांना ते प्रत्यक्ष पाहायचे होते. पाचपाखाडीच्या आमच्या गॅलरीत, बाहेर पाऊस कोसळत असताना, चष्मा पुसून त्यांनी ते ओळीओळीने वाचले आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "अगं, हे पोलिसांचे पैसे वेगळे लिहिलेत. म्हणजे तिकडे पोलिसांचा खर्च तुम्ही घरपट्टीतून देता?"

आपल्या मालमत्ता कराच्या बिलात सामान्य कर असतो, वृक्ष कर असतो, शिक्षण कर असतो. पोलीस नसतात, कारण त्यांचा खर्च राज्याचे गृहखाते करते आणि तो खर्च आपल्या घरापर्यंत आकडा होऊन कधी येत नाही. इंग्लंडमधल्या आमच्या बिलात मात्र काउंटी कौन्सिलची, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेची, एक ओळ असते, तिच्याखालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलची एक, अग्निशमन दलाची एक, गावच्या पॅरिश कौन्सिलची, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतीची, अगदी छोटी एक, आणि पोलिसांची एक. पोलिसांच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकारच्या अनुदानातून येतो, उरलेला असा घराघरातून गोळा होतो. तो किती असावा हे २०१२ पासून निवडून येणारा पोलीस आणि गुन्हे आयुक्त ठरवतो, मात्र त्यालाही मर्यादा आहे: २०२५-२६ साठी घराच्या किमतीनुसार ठरणाऱ्या वर्गांपैकी ड वर्गातल्या घरामागे वर्षाला १४ पौंडांपेक्षा जास्त वाढ करायची असती, तर जनमत घ्यावे लागले असते. हे आयुक्तपदच २०२८ मध्ये रद्द करण्याचे सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे, पण बिलातली पोलिसांची ओळ त्यामुळे पुसली जाईल असे आमच्या गावात कोणी मानत नाही.

हा कागद मी ठाण्यापर्यंत का आणला, ते सांगण्यासाठी मे महिन्यातल्या सभेकडे जायला हवे.

आमचे गाव चारशे घरांचे आहे. तिथे वर्षातून एकदा पॅरिशची सभा भरते. ती १ मार्च ते १ जून या काळात भरवावीच लागते, आणि मतदारयादीत नाव असलेल्या कोणालाही तिथे उभे राहून बोलता येते. राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना तिथे मताधिकार आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असूनही माझे नाव त्या यादीत आहे. यंदा विषयपत्रिकेवर बस, गाड्यांचे पार्किंग आणि पोलिसांचा खर्च असे तीन विषय होते. सभागृहात मी पाय ठेवला तेव्हा ते तीन वेगळे वाटत होते. बाहेर पडले तेव्हा ते एकाच दोऱ्यात ओवलेले दिसत होते.

बसपासून सुरुवात करते. आमच्या गावाजवळचे रेल्वे स्थानक साठच्या दशकात, तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करायला सांगणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर ज्या हजारो मैलांच्या मार्गांना कुलूप लागले, त्यात बंद झाले. पुढे १९८५ चा वाहतूक कायदा आला आणि २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरच्या बससेवा बाजाराच्या हवाली झाल्या. ज्या मार्गावर फायदा होतो तो कंपनी स्वतःहून चालवते. जिथे फायदा नाही पण गरज आहे, तिथे काउंटी कौन्सिल पैसे देऊन फेरी चालवून घेते, मात्र किती फेऱ्यांची गरज आहे हे तिनेच ठरवायचे असते. आमच्या गावाच्या वाट्याला मंगळवार, गुरुवार आणि शनिवार अशी आठवड्यातून तीन दिवस, सकाळी एक जाणारी आणि दुपारी एक येणारी फेरी आली आहे. सकाळची गाडी नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटते.

तिथे पेन्शनच्या वयाच्या माणसांना बसचा मोफत पास मिळतो, पण आठवड्याच्या कामाच्या दिवशी तो साडेनऊनंतरच चालतो. शनिवारी आणि रविवारी मात्र दिवसभर चालतो. शेजारच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजीबाई सभेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी एवढेच सांगितले की मंगळवारी-गुरुवारी गाडी त्यांच्या पासाच्या वीस मिनिटे आधी निघून जाते, म्हणून त्या दवाखाना सोडून इतर सगळी कामे शनिवारवर ढकलतात. तिकीट ३ पौंडांच्या वर जात नाही, ही मर्यादा सरकारनेच घातली आहे. पण जाऊन-येऊन सहा पौंड म्हणजे त्यांच्यासारख्या एकट्या बाईला विचार करायला लावणारी रक्कम आहे. मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट धरलेला होता, आणि त्या क्षणी मला किन्हवलीच्या थांब्यावर पिशवी पायाशी ठेवून उभी राहणारी माझी आजी आठवली.

आता पार्किंग. गावामागच्या टेकडीवर चालायला शनिवारी शहरातून गाड्या भरून माणसे येतात. वाहनतळ वीस गाड्यांचा आहे, तो सकाळी आठलाच भरतो, आणि मग चर्चच्या वळणापासून शेतांच्या फाटकांपर्यंत जिथे चाक टेकेल तिथे गाडी उभी राहते. परवा इथे तळमजल्यावरचे काका मला म्हणाले, "तुमच्याकडे सगळं शिस्तीत असेल, इथल्यासारखं नाही." मला ते रुचले नाही आणि मी त्यांना तसे सांगितले. लंडनमध्ये १९७४ पासून पदपथावर गाडी लावायला बंदी आहे, पण आमच्या भागात तशी सरसकट बंदी नाही, आणि बंदी नसेल तिथे तिकडचा माणूसही नौपाड्यातल्या माणसासारखाच पदपथावर गाडी चढवतो. एप्रिलमधल्या दोन शनिवारी आमची बस चर्चच्या वळणावर अडकली. चालकाला ती उलटी मागे न्यावी लागली आणि आत थांब्यावर उभी असलेली म्हातारी माणसे तशीच राहिली. बसकंपनीने पत्र पाठवले की पुन्हा असे झाले तर गाडी गावात शिरणार नाही, मुख्य रस्त्यावरूनच जाईल. मुख्य रस्ता दीड मैलावर आहे.

आणि इथे पोलीस आले. रस्त्यावर पार्किंगबंदीच्या पिवळ्या रेघा असतील तर दंड करण्याचे काम तिथे बहुतेक ठिकाणी पोलिसांचे नसून कौन्सिलच्या अधिकाऱ्याचे असते. रेघा नसतील आणि गाडी नुसती वाट अडवत असेल, तर ते पोलिसांचे काम. आमच्या वळणावर रेघा नाहीत, आणि त्या मारायच्या तर आधी आदेशाचा मसुदा, सूचना, हरकती असा मोठा प्रवास आहे. आमच्या वाट्याला पोलिसांचा एक सहायक अधिकारी आहे, तोही कितीतरी गावांत मिळून एक. २००२ च्या कायद्याने ही पदे निर्माण झाली, आणि पूर्ण पोलिसाचे अधिकार त्यांना नसतात. तो येईपर्यंत टेकडीवरची माणसे चहा पिऊन घरी गेलेली असतात. म्हणून पॅरिशच्या सदस्यांनी प्रस्ताव मांडला की शेजारच्या दोन गावांशी मिळून असा एक अधिकारी आपण अंशतः आपल्या खर्चाने ठेवावा आणि त्यासाठी बिलातली गावाची छोटी ओळ पुढच्या वर्षी वाढवावी. गुन्हे रोखण्यासाठी, तसेच गावच्या बससाठी, पॅरिशला पैसे खर्च करता येतात, अशी तरतूद १९९७ च्या कायद्यात आहे.

एक शेतकरी उठले. त्यांनी बिल सोबत आणले होते. ते उंच धरून त्यांनी विचारले की पोलिसांच्या ओळीत मी आधीच पैसे भरले आहेत, तर त्याच पोलिसासाठी गावाच्या ओळीत दुसऱ्यांदा का भरायचे? त्यावर पाऊण तास चर्चा झाली. कोणी आवाज चढवला नाही. एका बाईंनी मागच्या वर्षी किती वेळा फोन केले आणि किती वेळा कोणी आले याची वही वाचून दाखवली. दुसऱ्याने विचारले की अधिकाऱ्याचे किती तास आमच्या गावाला मिळतील हे करारात लिहून मिळेल का. मी भारावून ऐकत होते. पोलिसाच्या एका तासाला काय पडते आणि ते आपण द्यायचे की नाही, याची चर्चा गावातली साधी माणसे करू शकतात, कारण बिलात ती ओळ वेगळी आहे. आपल्याकडे २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या भागाभागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद झाली, पण ठाण्यात राहत असताना अशा सभेची सूचना माझ्या हाती कधी आली नाही. आणि २०२२ ते २०२६ या काळात तर महापालिकेत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. मी इथे असताना कधी काही विचारले नाही, असे कोणी म्हणेल. पण पहाटेची लोकल गाठून रात्री नऊला घरी परतणाऱ्या मुलीला विचारायला कोणते दार होते, हेही त्याने सांगावे.

चहाच्या वेळी एका गृहस्थांनी, मनात काही वाईट नसताना, मला म्हटले की तुमच्या देशात खेड्यात बस जात नसेल, तेव्हा आमच्या तक्रारी तुम्हाला लहान वाटत असतील. त्यांना मी मुक्कामाच्या गाडीची गोष्ट सांगितली. माझे बाबा शहापूर आगारात वाहतूक नियंत्रक होते. संध्याकाळी आगारातून सुटलेली शेवटची एसटी डोळखांबच्या पुढे शेवटच्या गावी जाऊन रात्री तिथेच थांबायची, चालक आणि वाहक शाळेच्या ओट्यावर किंवा गाडीतच झोपायचे, गावातल्या कुणाच्या तरी घरून भाकरी-भाजी यायची, आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, भाजीवाल्या बायका आणि शाळेची मुले घेऊन परत निघायची. अशा फेरीचे भारमान कमी आहे म्हणून ती तोट्याची, हे बाबांच्या वहीत लिहिलेले असे, तरी ती सुटायची. अहिल्याबाई होळकर योजनेतून गावातल्या मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे, १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीटच नाही, आणि त्यांपैकी कोणालाही साडेनऊची वाट पाहावी लागत नाही. ते गृहस्थ शांतपणे ऐकत राहिले. मला बोलताना गहिवरून आले. आपल्या एसटीच्या पत्र्याचा आवाज, फुटके आसन, पावसात गळणारे छप्पर हे सगळे मला माहीत आहे. तरीही ज्या देशात मी कर भरते, तिथल्या चारशे घरांच्या गावाला आठवड्यातून तीनच दिवस गाडी मिळते, आणि आम्हा नवराबायकोला मुलीच्या पाळणाघरासाठी दुसरी मोटार घ्यावी लागली. गावात आम्ही गेलो ते शहरातले घरभाडे परवडत नव्हते म्हणून. आमच्यासारख्यांनी मोटारी घेतल्या की बस आणखी रिकामी होते, हे मला कळते. पण साडेआठला मुलीला पोहोचवणारी बसच नव्हती.

त्या संध्याकाळी सभेचा कौल घेतला गेला नाही. तसा तो पॅरिश कौन्सिलवर बंधनकारक नसतोच. निर्णय जुलैच्या बैठकीत होईल.

हे सगळे मी गॅलरीत बाबांना सांगितले. त्यांनी पोलिसांची ओळ बाजूला ठेवली आणि वेळापत्रक मागितले. मी फोनवर उघडून दिले. "ही गाडी नऊच्या आधी कुठे असते?" मी सांगितले की शाळेची मुले सोडून ती रिकामी आमच्या गावात येते आणि सुटेपर्यंत दहा मिनिटे उभी असते. "आणि शहरातून पुढची फेरी?" सव्वाअकराला. त्यांनी बिलाच्या पाकिटाच्या मागे पेन्सिलने आकडे मांडले. "मग ही नऊ पस्तीसला सुटायला काय हरकत आहे? चालकाला विश्रांती मिळेल, पुढची फेरी हलणार नाही. तुझ्या आजीबाई मंगळवारी जातील. शनिवारी गाडीवर एवढी माणसं अवलंबून राहणार नाहीत, तर वळणावर पोलीस उभा करायची घाई कशाला?"

मी म्हटले, हे इतके सोपे असते तर कोणाच्या लक्षात आले नसते का? बाबा म्हणाले, "लक्षात आलंही असेल. पासवाल्यांचे पैसे गाडीवाल्याला कोण भरून देतं?" काउंटी कौन्सिल, मी म्हणाले. "आणि फेरीचे पैसे?" तेही काउंटी कौन्सिल. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. सवलतमूल्याच्या प्रतिपूर्तीची वाट पाहण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली आहे. राज्य सरकार सवलत जाहीर करते, एसटी ती देते आणि मग पैशांसाठी थांबते. "गाडी साडेनऊच्या आत सुटली की पासवाले चढत नाहीत, आणि देणाऱ्याचा खर्च वाचतो. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. पण बदलायची गरज त्याला वाटणार नाही. ती गरज गावाने दाखवायला पाहिजे."

सभेत पाऊण तास आम्ही पोलिसाच्या तासाची किंमत काढली, कारण ती बिलात छापलेली होती. बसचा खर्च काउंटीच्या मोठ्या ओळीत मिसळून गेलेला असतो, त्यामुळे त्या पंचवीस मिनिटांची किंमत काय, हे कोणीच विचारले नव्हते, मीसुद्धा.

काल रात्री मी पॅरिशच्या सचिवांना पत्र लिहिले. अधिकाऱ्यासाठी पैसे वाढवण्याआधी मंगळवारची आणि गुरुवारची फेरी नऊ पस्तीसला सोडण्याची लेखी मागणी काउंटीकडे करावी, पासवाल्यांमुळे वाढणारा खर्च किती हे आकड्यात मागावे, आणि गरज पडल्यास गावाच्या ओळीतले पैसे आधी त्या फरकासाठी द्यावेत, असे त्यात आहे. बाबांनी आखलेला तक्ता मी स्वच्छ उतरवून सोबत जोडला. त्यांनी तो पाठवण्याआधी दोनदा तपासला आणि परतीच्या फेरीची वेळ पाच मिनिटांनी पुढे सरकवली, कारण बाजारातून पिशव्या घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला थांब्यापर्यंत चालायला तेवढा वेळ लागतो.