चिठ्ठी नसलेली कुपी

गेल्या पावसाळ्यात पंचवटीतल्या एक काकू माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आल्या. रुमालाची गाठ सोडून घड्याळ काउंटरवर ठेवलं. एचएमटी जनता, पिवळट पडलेली पांढरी डायल, आकडे देवनागरी. काका १९७८ साली नाशिकरोडच्या प्रेसमध्ये लागले, तेव्हा पहिल्या पगारात घेतलेलं. काका गेल्यापासून रोज सकाळी पूजा झाली की काकू त्याला चावी देत. महिन्यापूर्वी ते ओट्यावरून फरशीवर पडलं आणि बंद झालं.

"एकाला दाखवलं होतं. तो म्हणाला, मशीनच बदलू, डायलही नवी टाकू, चकाचक होईल. पण दादा, मग ह्यांचं त्यात राहिलं काय?"

डायलला कुणीही हात लावायचा नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. बाजारात रंगवलेल्या डायलींचा सुळसुळाट आहे. भिंगातून पाहिलं की अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, आणि डायल उलटी केली तर तिला मशीनवर धरून ठेवणारे पाय मोडून पुन्हा चिकटवलेले सापडतात. काकूंच्या डायलवर डाग होते, पण छपाई कंपनीची होती.

मागचं झाकण उघडलं. बॅलन्स एका बाजूला कलला होता. बॅलन्स म्हणजे मशीनमधलं डोलणारं चाक. जनतामध्ये ते तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. ज्या आसावर ते डोलतं त्याला आम्ही स्टाफ म्हणतो. त्याची दोन्ही टोकं केसासारखी बारीक असतात आणि माणकाच्या बारीक खड्यांमध्ये फिरतात. धक्का सोसायला पॅराशॉकची स्प्रिंग असते, पण घड्याळ आडवं आपटलं की तिचाही इलाज चालत नाही. खालचं टोक तुटलं होतं. बाकी मशीन ठणठणीत.

आता हा स्टाफ आणायचा कुठून? एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला, आणि जानेवारी २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. घड्याळं लोकांच्या घरात लाखांनी आहेत, सुटे भाग मात्र उरलेल्या साठ्यातूनच येतात. म्हणून ज्याच्या त्याच्या पाकिटावर 'ओरिजिनल' छापलेलं असतं.

मुंबईहून एक पाकीट मागवलं. शिक्का ठसठशीत होता, त्यावर विसंबून मी स्टाफ मोजून न बघता बसवला. ती चूक माझी. घड्याळ पालथं ठेवलं की चाले, उताणं, म्हणजे डायल वर, केलं की थांबे. स्टाफवरची बैठक किंचित उंच होती, त्यामुळे बॅलन्स वरच्या पुलाला, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीला, घासत होता. दुसऱ्या व्यापाऱ्याकडून दुसरं पाकीट आलं, ते भिंगाखालीच नापास केलं. असली स्टाफची टोकं आरशासारखी घोटलेली असतात. ह्याच्या टोकांवर लेथच्या रेघा तशाच होत्या. असा स्टाफ खडा खातो.

आणि एक भीती होती. स्टाफ चाकात रिव्हेट केलेला, म्हणजे कड ठोकून पक्का बसवलेला असतो. तो काढून नवा ठोकताना चाकाचं भोक दर वेळी थोडं सैल होण्याचा धोका असतो. काकूंच्या चाकाचा एक फेरा माझ्यामुळे वाया गेला होता. तिसरा प्रयोग करायला मी तयार नव्हतो.

तेव्हा चौक मंडईतले चाचा आठवले. त्यांचं दुकान भांडी बाजारात होतं. ऑगस्ट २०१६ च्या पुरात गोदामाई बाजारात शिरली, दुकान बुडालं, आणि चाचांनी शटर पुन्हा वर केलं नाही. एका दुपारी तुटलेला स्टाफ कागदात गुंडाळून, मायक्रोमीटर पिशवीत टाकून त्यांच्या घरी गेलो.

चाचांनी कॉटखालून पत्र्याची पेटी ओढली. पाकिटातले भाग गंजून एकमेकांना चिकटले होते. हेअरस्प्रिंगच्या, म्हणजे बॅलन्सला डोलवणाऱ्या बारीक स्प्रिंगच्या, पुड्यांचा लगदा झालेला. पण पेटीच्या कोपऱ्यात बोटाएवढ्या काचेच्या कुप्या होत्या, तोंडाला बूच, आत तेल. एकातही पाणी गेलं नव्हतं. चिठ्ठ्या मात्र सगळ्या धुऊन गेल्या होत्या.

"बेटा, माल असली आहे. कंपनीच्या वितरकाकडून घेतलेला," चाचा म्हणाले. "पण कुठल्या कुपीत काय, ते मला विचारू नकोस. आता नजर चालत नाही."

मी खिडकीशी बसलो. सहा कुप्यांमध्ये स्टाफ होते. एकेक चिमट्याने काढून कापडावर मांडला. तुटक्या स्टाफची पूर्ण लांबी मिळणार नव्हती, पण बाकी सगळं त्यावर शाबूत होतं: चाकाची बैठक, रोलर नावाच्या छोट्या चकतीची बैठक, हेअरस्प्रिंगच्या कॉलेटची, म्हणजे मधल्या कड्याची, जागा. चार कुप्या पहिल्या मापालाच बाद झाल्या. पाचवीतले स्टाफ नजरेला अगदी तेच वाटत होते, पण रोलरची जागा तीन शतांश मिलिमीटर जाड निघाली. मला घाम फुटला. सहाव्या कुपीत चार स्टाफ होते. चारही प्रत्येक मापाला जुळले. टोकं भिंगातून पाहिली, खिडकीचा उजेड त्यांच्यावर ठिपक्यासारखा चमकत होता. चाचा काही विचारत नव्हते, चहा गार होत होता.

त्यांनी स्टाफचे तीनशे प्रमाणे पैसे घेतले, आणि ते रास्तच होते.

दुकानात येऊन चालू असलेल्या दुसऱ्या एका जनताचा बॅलन्स काढला आणि त्याच्या धडक्या स्टाफशी लांबी ताडून पाहिली. बरोबर. मग रात्री, शटर अर्धं ओढून, रिव्हेट केला. चाक घट्ट बसलं. टायमिंग मशीनवर उताणं दिवसाला आठ सेकंद पुढे, पालथं अकरा.

दोन दिवस ते मी स्वतः वापरलं, मग काकूंना फोन केला. त्या आल्या, घड्याळ हातात घेऊन आधी डायलवरचा तीनच्या आकड्याजवळचा डाग बघितला. "हा आहे ना," म्हणाल्या, आणि रुमालात बांधलं. तुटका स्टाफ मी छोट्या पुडीत घालून सोबत दिला.

त्या गेल्यावर कुपी पुसली, उरलेले स्टाफ तेलात सोडले, बूच लावलं. नवी चिठ्ठी लिहून चिकटवली आणि वरून पारदर्शक टेप फिरवली: एचएमटी जनता, बॅलन्स स्टाफ, असली, मोजून घेतलेले, ३ नग.