फास्टिंग बघता, मग तळपाय पण बघा ना

इंदूरच्या आमच्या घरांमधे शुगरवर गप्पा म्हणजे फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर, किती आली, पोह्यांबरोबर जिलबी खाल्ली का, एवढंच. तळपायाचं कोणी विचारत नाही आणि मला त्याचीच फार काळजी वाटते.

माझ्या काकांच्या तळपायांची रात्री आग व्हायची, मुंग्या यायच्या, पांघरूण टेकलं तरी सहन व्हायचं नाही. मग ती आग हळूहळू कमी झाली, आणि अशा वेळी माणसाला वाटतं की बरं होतंय, पण खरं तर पाय बधिर होत असतो. मे महिन्यात भर दुपारी मंदिरात गेले, फरशी तापलेली, बाकीचे सगळे चटके बसतात म्हणून सावलीकडे पळाले आणि काका आपले निवांत चालत आले. घरी आल्यावर काकूने बघितलं तर तळव्याला हे मोठे फोड!! त्यांना काहीच कळलं नव्हतं हो.

याला न्यूरोपथी म्हणतात. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, सगळ्यात लांब नसा पायाच्या म्हणून सुरुवात बोटांपासून, मग मोजा चढवल्यासारखं वर वर येतं. गेलेली संवेदना सहसा परत येत नाही, शुगर आटोक्यात ठेवली तर पुढचं नुकसान बरंच थांबवता येतं. आगीवर प्रिगॅबॅलिनसारख्या गोळ्या मिळतात पण त्याने फक्त त्रास कमी होतो, नस दुरुस्त होत नाही.

तपासणी अगदी साधी आहे, १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात आणि कळतंय का विचारतात, शिवाय ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, टेकवून थरथर कळते का बघतात. टाइप २ डायबिटीसवाल्यांनी निदान झाल्याबरोबर आणि मग दरवर्षी करायची. काकांचे बूट मात्र इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरने काढायला लावले नव्हते, म्हणून सांगते, आपणच काढून बसायचं.

घरी रोज रात्री आरसा धरून तळवे बघा, बूट घालायच्या आधी आत हात फिरवून खडा-बिडा आहे का बघा, गरम पाण्याची पिशवी बिलकुल नको, पायाला झालेलं कुरूप ब्लेडने कापायचं नाही. खजराण्याच्या नाहीतर अन्नपूर्णेच्या मंदिरात जायचं तर सकाळी लवकर, जाड मोजे घालून. आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी १२ पण तपासून घ्या, ते कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात आणि त्याला औषध आहे.