हनाकापीआईचा धबधबा आणि बाबांचा दगड

कोकण रेल्वेची गणपतीतली तिकिटं काढताना जी धडधड होते ना, तीच मला पहाटे तीन वाजता कॅलिफोर्नियात लॅपटॉपसमोर बसून झाली. कारण हनाकापीआईच्या धबधब्याची वाट हवाईतल्या कवाई बेटावरच्या हाएना स्टेट पार्कातून जाते, तिथे हवाईबाहेरच्यांना बुकिंगशिवाय सोडत नाहीत, बुकिंग उघडतं बरोबर तीस दिवस आधी हवाईच्या मध्यरात्री, आणि हवाईची मध्यरात्र म्हणजे उन्हाळ्यात आमचे पहाटेचे तीन. दिवसाला फक्त ९०० लोक. पार्किंगचं तिकीट डोळ्यांदेखत गेलं, शटलची तीन मिळाली. तीन म्हणजे मी, बायको आणि बाबा. आई म्हणाली माझे गुडघे आणि तुमचा चिखल, नकोच, मी नातीला घेऊन हनालेईच्या बीचवर बसते. (सगळ्यात शहाणा निर्णय तिचाच होता हे नंतर कळलं.)

बाबांचं सांगायला हवं. वय ६७, चिपळूणजवळचे, सगळी नोकरी एसटीत. अमेरिकेत आल्यापासून त्यांना कशाचंच कौतुक नाही. गोल्डन गेट बघून म्हणाले "धुकं आंबोलीला पण असतं." त्यामुळे हवाईला त्यांना आवडेल की नाही याचं मला जरा टेन्शनच होतं.

शटल हनालेईच्या पुढून निघते. रस्त्यात एका गाडीपुरते पूल आहेत, तिथे नियम असा की समोरच्या पाच-सात गाड्या जाऊ द्यायच्या मग आपण जायचं आणि कोणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही. बाबा हे फार लक्ष देऊन बघत होते, धंद्यातला माणूस. हा रस्ता एप्रिल २०१८च्या पावसात दरडींनी पार बंद पडला होता आणि पार्क जून २०१९मध्ये उघडलं तेव्हापासून ही बुकिंगची सिस्टिम आहे. त्या वेळी इथे वायपाला २४ तासांत १२६२ मिलिमीटर पाऊस पडला होता, अमेरिकेतला रेकॉर्ड. मी बाबांना म्हटलं, २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ पडला होता, म्हणजे विचार करा. बाबा काही बोलले नाहीत. नंतर माझ्या लक्षात आलं की जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या माळ्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं आणि मी तेव्हा इथे बसून व्हॉट्सॅपवर व्हिडिओ बघत होतो, तर या माणसाला मी पावसाचे आकडे काय सांगतोय.

पार्कात उतरल्यावर लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालत जायचं आणि दोन्ही बाजूंना चक्क अळू. पाण्यात उभी खाचरं, बांध घातलेले, आपल्या भातशेतीसारखीच पण भाताच्या जागी अळू. हवाईत त्याला कालो म्हणतात आणि त्याची गोष्ट अशी की देवांचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं, ते पुरलं तिथून अळू उगवलं, आणि दुसरं मूल म्हणजे माणूस, म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ. मी हे भक्तिभावाने सांगितलं. बाबा म्हणाले, "मग थोरल्या भावाचं फतफतं करून खातात?" बायको हसून हसून बाजूला गेली. खरं तर खातातच, पोई म्हणजे कंद शिजवून कुटून केलेला लगदाच असतो, फतफतं आपण पानांचं करतो एवढाच फरक.

वाटेच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश लावलेले असतात. ओहिया नावाचं इथलं झाड बुरशीच्या रोगाने मरतंय, ती बुरशी चिखलातून पसरते म्हणून आत जायच्या आधी बूट घासायचे. बाबांना हे पटलं पण गंमत वाटली, "आत जाताना बूट स्वच्छ करायचे, देवळात निदान काढून तरी ठेवतो." त्यांच्या पायात चिपळूणच्या बाजारातून आणलेले प्लॅस्टिकचे पावसाळी बूट होते, तळाला खोल खोबण्या असलेले. माझ्या पायात दीडशे डॉलरचे ट्रेकिंग शूज. दिवसभरात मी चार वेळा आपटलो, बाबा एकदाही नाही, हे इथेच सांगून टाकतो, पुढे परत काढू नका.

कलालाउ ट्रेल एकूण अकरा मैलांची आहे, पण परमिट नसेल तर दोन मैलांवरच्या हनाकापीआईच्या किनाऱ्यापर्यंतच जाता येतं आणि तिथून दरीत आत आणखी दोन मैल गेलं की धबधबा. म्हणजे जाऊन-येऊन आठ मैल, तेरा किलोमीटर. कागदावर काहीच नाही, सिंहगड दोनदा केला असं म्हणतील लोक. पण सुरुवातीलाच चढ, दगड बसवलेली पाखाडी, दगडावर शेवाळ आणि मधे लाल निसरडा चिखल, कारण इथे रोज थोडा तरी शिडकावा होतोच. अर्ध्या मैलावर मागे वळून बघितलं तर कीईच्या बीचचं उथळ पाणी, प्रवाळाच्या कडेपर्यंत पोपटी आणि पलीकडे एकदम गर्द निळं. आणि पुढच्या वळणावर नापालीचे कडे. नापाली म्हणजे कडेच. समुद्रातून सरळ उठलेले, पन्हाळी पडलेले, एकामागे एक. सह्याद्रीचे कोकणकडे समुद्रात आणून बुडवलेत असं वाटतं. दगडही बेसाल्टच, आपल्यासारखाच, फक्त इथला जेमतेम पन्नास लाख वर्षांचा आणि आपला साडेसहा कोटींच्या घरातला. म्हणजे हे आपल्या सह्याद्रीचं शेंडेफळ म्हणा.

बाबांचं लक्ष मात्र कड्यांकडे नव्हतं. "अरे हा केवडा!" वाटेच्या दोन्ही बाजूंना काठ्यांवर उभी असल्यासारखी आधारमुळांची झाडं, काटेरी लांब पानं. इथे त्याला हाला म्हणतात, केवड्याचाच भाऊबंद, पानांच्या चटया विणतात. फळ अगदी अननसासारखं, त्यामुळे नवखे लोक याला अननसाचं झाड समजून फोटो काढतात, आमच्यासमोर एका बाईने काढलाच. सुगंध येतो तो नर झाडाच्या फुलाला, इथेही आणि आपल्याकडेही. बाबा प्रत्येक झाडाखाली थांबून वास घ्यायला बघत होते, गौरी-गणपतीचं केवड्याचं पान त्यांना इथे अर्ध्या पृथ्वीवर फुकट मिळणार होतं पण फूल एकही नाही. मग त्यांनी तिथल्या कोंबड्यांकडे मोर्चा वळवला. कवाईत कोंबड्या कुठेही फिरतात, पार्किंगमध्ये, बीचवर, जंगलात. १९९२च्या इनिकी वादळात खुराडी मोडली आणि पाळीव कोंबड्या रानात पळाल्या, रानकोंबड्यांत मिसळल्या, असं सांगतात. "आणि कोणी खात नाही?" हा बाबांचा प्रश्न. मला उत्तर माहीत नव्हतं.

दोन मैलांना आम्हाला दीड तास लागला. शेवटी वाट एकदम खाली उतरते आणि समोर नदी. नदी म्हणजे पऱ्याच, पंधरा-वीस पावलांचा, गोटे भरलेले, पूल नाही. पलीकडे किनारा. उन्हाळ्यात तिथे वाळू असते, हिवाळ्यात लाटा सगळी वाळू ओढून नेतात आणि नुसते दगडगोटे उरतात. पोहायचं नाही, पुढे प्रवाळाचा बांध नाही त्यामुळे ओढ जबरदस्त, लोक बुडालेत, पाट्या आहेत. एक पाटी लेप्टोची पण आहे, गोड्या पाण्यात जखम घेऊन उतरू नका. लेप्टो हा शब्द वाचून मला इतकं घरी आल्यासारखं वाटलं की काय सांगू.

मी बूट काढायच्या बेतात होतो तेवढ्यात बाबा म्हणाले थांब. आणि पाण्याकडे बघत बसले. नुसते बसले. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मागून येणारे लोक उड्या मारत पलीकडे जात होते, पाणी पोटरीपर्यंतसुद्धा नव्हतं. मग ते उठले, पाण्यातून पलीकडे गेले आणि तिथल्या काठावरच्या एका मोठ्या काळ्या दगडापाशी थांबले, त्याच्या खालच्या अंगाला एक कोपरा होता, पाणी त्याला टेकत होतं. त्या कोपऱ्याच्या वर वीतभर एक खाच होती, तिच्यात त्यांनी वाळूतला प्रवाळाचा पांढरा तुकडा घट्ट बसवला. "येताना हा दिसला पाहिजे. आणि पाणी असंच दिसलं पाहिजे, तळाचा गोटा मोजता येईल असं. ध्यानात ठेव." मी हो म्हटलं, म्हणजे जसं आपण वडिलांना हो म्हणतो तसं.

दरीतली वाट किनाऱ्याच्या वाटेपेक्षा कितीतरी कठीण आणि कितीतरी सुंदर. आधी बांबूचं बन, वारा आला की वर कुठेतरी दार करकरल्यासारखा आवाज. मग पेरूची झाडं, पिकून पडलेल्या पेरूंचा आंबूस वास. आणि झाडीत जुने दगडी बांध, पायरीपायरीने चढत गेलेले, शेवाळलेले. ही पण अळूची खाचरंच होती, दरीत माणसं राहायची तेव्हाची. पुढे कॉफीच्या जुन्या गिरणीचं धुराडं उभं आहे. बाबा एका बांधावर हात फिरवून म्हणाले चुना नाही, माती नाही, नुसती दगडाची सांगड आहे. मग बराच वेळ तो एक बांधच बघत होते. नदी आणखी दोन-तीनदा ओलांडली. एकदा मी आपटलो.

धबधबा अर्ध्या तासावर असेल तेव्हा दरीच्या वरच्या तोंडाशी ढग उतरला. आमच्यावर ऊनच होतं. बाबा एका कातळावर बसले आणि म्हणाले तुम्ही बघून या, मी इथे आहे, आणि तिथे जेवायला बसू नका. मी म्हटलं अहो इतक्या लांब येऊन धबधबा नाही बघणार? "सवतसडा मी तीस वर्षं गाडीतून बघितला," म्हणाले. (सवतसडा म्हणजे आमचा चिपळूणजवळचा धबधबा.) बायको म्हणाली मी बाबांबरोबर थांबते, तू जा. मी चिडून गेलो, खोटं कशाला बोलू.

धबधबा आहे मात्र बघण्यासारखा. तिन्ही बाजूंनी ओली काळी भिंत, सुमारे ३०० फुटांवरून, म्हणजे नव्वदेक मीटरवरून एकच धार, खाली हिरवट गार डोह. पाण्याच्या तुषारांनी चष्मा भरला तो परत पुसेपर्यंत भरला. काही लोक डोहात अगदी धारेखाली पोहत होते, वरून दगड पडतात अशी पाटी असताना. मी पंधरा मिनिटं बसलो, पाय बुडवले, एक फोटो काढला ज्यात चष्म्यावरच्या थेंबांमुळे मी कुठे बघतोय तेच कळत नाही, आणि परत निघालो. परतताना पाऊस लागला, तोही बारीक, आपल्याकडे ज्याला पाऊस म्हणणार नाहीत असा.

किनाऱ्यापाशी परत आलो तेव्हा दोन वाजले होते. नदीचा आवाज लांबूनच वेगळा. पाणी चहाच्या रंगाचं. काळा दगड होता, कोपरा नव्हता, पांढरा तुकडा तर नव्हताच.

मी उगाच म्हटलं गुडघ्याएवढंच असेल. बाबांनी नुसती मान हलवली आणि एक काटकी पाण्यात टाकली. ती काटकी समुद्राकडे अशी सुटली की मी गप्प बसलो. नंतर वाचलं की एप्रिल २०१४ला याच पऱ्याने शंभरावर लोकांना पलीकडे अडकवलं होतं, रात्र काढावी लागली, हेलिकॉप्टर आणावी लागली. दरी अरुंद, उतार तीव्र, वर वायलेअले डोंगराच्या अंगाला पाऊस पडतो, जगातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी ती एक, आणि खाली उन्हात उभ्या असलेल्या माणसाला काही पत्ताच नसतो.

हळूहळू आमच्या बाजूला पंचवीसेक माणसं जमली. दोघं कॉलेजची पोरं हातात हात घालून गेली, मांडीपर्यंत पाणी, मधे एकाचा पाय सुटला, कसेबसे पोचले. ते बघून आणखी एक जोडपं बूट काढायला लागलं तर बाबा उठून त्यांच्यासमोर उभे. इंग्रजी त्यांचं बेताचं. "नो. वेट. कम डाउन. वॉटर कम डाउन." आणि दगडाकडे बोट. त्यांना काय कळलं कोण जाणे पण बसले. मग आम्ही थालीपीठं काढली, बायकोने त्यांनाही दिली, लसणाच्या चटणीसकट, आणि त्या माणसाच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते नदीपेक्षा जास्त होतं.

असे पऱ्ये चढतात तसेच उतरतात, फक्त बसून राहायची तयारी लागते. बाबा दर थोड्या वेळाने दगडापाशी जाऊन यायचे आणि काही न बोलता बसायचे. एक तास चाळीस मिनिटांनी कोपरा दिसला. पांढरा तुकडा वाहून गेला होता, खाच रिकामी. पाणी अजून गढूळच होतं पण बाबा म्हणाले आता चला, सगळ्यांनी एकदम, वरच्या अंगाला तोंड करून, काठी पुढे, एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. बायको खुणांनी सगळ्यांना समजावत होती. पंचवीस माणसं एकामागे एक, पुढे प्लॅस्टिकच्या बुटातले बाबा. पलीकडे गेल्यावर त्या जोडप्यातली बाई बाबांना मिठी मारायला आली तर बाबांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि एक पाऊल मागे सरकले.

शेवटून दुसरी शटल मिळाली. बाबा बसल्या बसल्या झोपले.

हनालेईला आई नातीला घेऊन उभी होती, काय गं धबधबा कसा होता वगैरे ती सुनेला विचारणार तेवढ्यात बाबाच म्हणाले, "सवतसड्यापेक्षा उंच आहे असं हा म्हणतोय." आईने त्यांच्याकडे वरून खाली बघितलं, गुडघ्यापर्यंत लाल चिखल, आणि म्हणाली, "ते बूट गाडीत घ्यायचे नाहीत. जाताना घासायचा ब्रश होता म्हणे, येताना नव्हता का?"

होता. आम्ही शटलसाठी पळत होतो.