टाइप वन, पहिलं विमान आणि हातातून न सोडलेली बॅग

मला टाइप वन डायबेटीस आठवीत असताना निघाला, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, रोज टोचून घ्यावं लागतं, त्यामुळं सुया, इन्सुलिनचं पेन, शुगर लो होणं या सगळ्याची आता सवय आहे. पण विमानात मी कधी बसलेच नव्हते आणि पहिल्यांदा बसले ते डायरेक्ट मुंबई ते लंडन, शिकायला, एकटी. निघायच्या आधी महिनाभर घरात एकच विषय, सिक्युरिटीवाले इन्सुलिन काढून घेतील का. पप्पांनी ओळखीच्या प्रत्येक माणसाला फोन केला, ज्यातल्या बहुतेकांना डायबेटीस नव्हता आणि काहींनी विमानही पाहिलेलं नव्हतं, तरी सल्ला सगळ्यांनी दिला.

खरं सांगायचं तर सिक्युरिटी हा सगळ्यात सोपा भाग निघाला. डोकं लागलं ते दोन गोष्टींना, साठा थंड कसा न्यायचा आणि डोसची वेळ कशी धरायची.

मिरजेच्या आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं की इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत टाकायचं नाही, एक कार्ट्रिजसुद्धा नाही (पेनात बसवायची इन्सुलिनची छोटी नळी). एक तर बॅग हरवू शकते, आणि दुसरं म्हणजे खाली सामानाच्या भागात थंडीनं इन्सुलिन गोठू शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला कधी कधी अगदी नेहमीसारखं दिसतं पण त्याचा भरवसा राहत नाही, फेकून द्यायचं. म्हणजे सगळा साठा हातात. माझं लँटस (दिवसातून एकदाचं, सावकाश चालणारं इन्सुलिन) आणि नोव्होरॅपिड (जेवणाच्या वेळचं, लगेच चालणारं) मिळून रोज चाळीसेक युनिट लागतं, एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट, तीन महिन्यांचा हिशोब करून वर थोडं जास्तीचं घेतलं.

आता एवढं थंड कसं ठेवायचं? जेल पॅकवर सिक्युरिटीला अडवतात असं ऐकलं होतं, आणि बर्फ थेट कार्ट्रिजला लागला तर परत तेच, गोठायची भीती. शेवटी आईनंच डोकं चालवलं, रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास आदल्या रात्री बर्फाच्या पाण्यानं भरून ठेवला, निघताना पाणी ओतून आतून कोरडा पुसला, कार्ट्रिज फ्रीजमधून काढून सुती रुमालात गुंडाळून आत, झाकण बंद, बर्फ नाही काही नाही. डॉक्टर म्हणाले चालेल की, एवढ्या तासांसाठी काही होत नाही. वापरात असलेलं पेन तर तसंही ३० डिग्रीच्या खाली असलं की चार आठवडे फ्रीजबाहेर चालतं, ते मी पाण्यात भिजवून गार राहणाऱ्या पाउचमध्ये ठेवलं.

अजून एक गोष्ट इथं सांगतेच कारण ही कुणी बोलत नाही. आमच्या मेडिकलवाल्या काकांनी प्रेमानं एक साधी इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज दिल्या, असू दे म्हणले, पेन बिघडलं तर. डॉक्टरांनी बघितलं आणि बाजूला काढून ठेवलं. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिट प्रति मिलीच्या असतात आणि सिरिंजही त्याच मापाची, लाल टोपणाची. तिकडं बाटल्या आणि सिरिंज १०० च्या. उद्या आपली ४० ची सिरिंज घेऊन तिकडच्या १०० च्या बाटलीतून नेहमीच्या खुणेपर्यंत भरलं तर अडीचपट डोस जातो, म्हणजे सरळ हॉस्पिटलच. बाटलीऐवजी मी एक जास्तीचं पेन घेतलं.

डॉक्टरांचं पत्र इंग्लिशमध्ये, लेटरहेडवर, सही शिक्क्यासकट. त्यात टाइप वन आहे, इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर, दंडावर चिकटवलेला शुगर मोजायचा सेन्सर सगळं बरोबर लागतं असं लिहिलेलं, आणि औषधांची ब्रँडची नावं तशीच मूळ नावंही. पत्रावरचं, प्रिस्क्रिप्शनवरचं आणि पासपोर्टवरचं नाव स्पेलिंगसकट एकच पाहिजे. मेडिकलच्या बिलांवर तर माझं घरचं नाव पडत होतं, तिथं सगळे मला त्याच नावानं ओळखतात ना! नवीन बिल करून घेतलं.

सांगलीहून रात्रीची स्लीपर बस. क्लीनर पोरगा म्हणाला मॅडम बॅग डिकीत टाकतो, म्हणलं नको, ही माझ्याजवळच राहील. हेच वाक्य मी पुढं सगळीकडं म्हणत गेले. एअरपोर्टवर फ्लाइट फुल होती तर काउंटरवरची मुलगी म्हणाली केबिन बॅग पण चेक-इन करून टाका, फ्री आहे. मी म्हणलं मोठी घ्या, पण छोटीत इन्सुलिन आहे, ती नाही देणार, आणि पत्र पुढं केलं. तिनं पत्र वाचलं पण नाही, ओके मॅम म्हणली. म्हणून सांगते, औषधांची बॅग वेगळी आणि लहान ठेवा, सीटखाली मावेल अशी. सगळं एकाच बॅगेत कोंबलं असतं तर तिथंच काउंटरसमोर बसून बॅग उपसावी लागली असती.

सिक्युरिटीला बॅग मशीनमधून गेली आणि बाजूला काढली, अपेक्षेप्रमाणं थर्मास. सीआयएसएफचे जवान होते, खोलो म्हणले, मी खोलला, त्यांनी रुमाल उचलून बघितलं, पत्र मागितलं, एक कार्ट्रिज हातात घेऊन लेबल वाचलं, ठीक है. संपलं. महिनाभराचं टेन्शन दोन मिनिटांत! १०० मिलीचा नियम औषधाला लागत नाही, प्रिस्क्रिप्शन जवळ असलं की झालं. लो साठी मात्र मी ज्यूस नेलाच नव्हता, ग्लुकोजच्या गोळ्या, साखरेच्या पुड्या आणि पार्ले-जी. ग्लुकोज पावडर मुद्दाम नाही नेली, पिशवीत पांढरी पावडर घेऊन एअरपोर्टवर कोण समजावत बसणार.

बायकांच्या पडद्यामागं तपासणारी महिला जवान हातातलं मशीन फिरवताना दंडावरच्या सेन्सरपाशी थांबली, ये क्या है? शुगर का सेंसर. मग तिचा चेहरा बदलला, इतनी छोटी उमर में शुगर? आता हा प्रश्न मला आठवीपासून लोक विचारतात आणि माझं उत्तर पाठ आहे, बचपन वाली है, मीठा खाने से नहीं होती. तिनं सेन्सरवरून हात फिरवून बघितला आणि जाऊ दिलं. पूर्ण बॉडीच्या स्कॅनरमधून जायला सांगितलं तर हातानं तपासा असं म्हणायचं मी ठरवून ठेवलं होतं, माझ्या सेन्सरच्या कंपनीच्या सूचनांत तसं लिहिलेलं होतं. ज्यांना इन्सुलिनचा पंप आहे त्यांनी तर हे आधी नीट वाचूनच जा, बरेच पंप एक्स-रे मशीनमध्येही टाकायचे नसतात.

विमान दुपारी एकच्या सुमारास सुटलं. पहिल्यांदा विमानात बसल्याचं कौतुक वगैरे वर गेल्यावर पाच मिनिटांत ओसरलं, कारण जेवण. डायबेटिक मील मी मागवलं नव्हतं, आमच्या डाएटिशियननं सांगितलं होतं की ते बहुतेक टाइप टूवाल्यांचा विचार करून असतं, कार्ब कमी असतात, तुला जेवढं खाशील तेवढं मोजून इन्सुलिन घेता येतं तर साधं व्हेजच घे. आणि दुसरं सांगितलेलं, घरी तू जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं इन्सुलिन घेतेस, विमानात ट्रे मांडीवर आल्याशिवाय सुई टोचायची नाही. मी शेवटून तिसऱ्या रांगेत. ट्रॉली दिसायला लागली, वास यायला लागला, हात आपोआप पेनाकडं गेला, आणि नेमकं विमान हलायला लागलं, बेल्टची लाइट लागली आणि ट्रॉली गेली परत मागं. पाऊण तास! त्यात माझी शुगर ९६ आणि सेन्सरवर बाण खाली, म्हणजे अजून उतरत चाललेली. डोस घेऊन बसले असते तर शुगर कुठपर्यंत घसरली असती हे टाइप वनवाल्यांना सांगायला नको. मी दोन बिस्किटं खाल्ली आणि वाट बघितली. ट्रे आल्यावर भात, डाळ, पाव आणि ती गोड वाटी सगळं नजरेनं मोजलं, पेनातून आधी दोन युनिट हवेत सोडून बघितले कारण वर हवेचा दाब कमी असतो आणि बुडबुडे होऊ शकतात, मग डोस. सुई लावलेली ठेवायची नाही, दर वेळी काढायची, वापरलेल्या सुया ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपच्या रिकाम्या डबीत. आणि हो, फ्लाइट मोड लावल्यावर माझ्या फोनचं एनएफसी (ज्यानं फोन जवळ नेऊन सेन्सर वाचता येतो) बंद झालं, सेन्सर स्कॅनच होईना, सेटिंगमध्ये जाऊन तेवढं परत चालू करायचं.

शेजारी डोंबिवलीच्या काकू होत्या, मुलाकडं निघालेल्या. सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, आमच्या अंगणात इन्सुलिनचं झाड आहे गं, रोज दोन पानं चावून खायची. मी म्हणलं काकू, माझ्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, पानांनी कसं भागणार. पण त्यांनी मला खिडकीची सीट दिली त्यामुळं माफ.

चार तासांनी शुगर २३० च्या वर. एकाच जागी बसून, टेन्शननं, काय माहीत. दुपारच्या डोसला चार तास होईपर्यंत वरून करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायचा जादा डोस, घेऊ नको असं डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, ते झाल्यावर थोडंसंच घेतलं, पाणी पीत राहिले, मधल्या वाटेत फेऱ्या मारल्या.

लँटस माझं रात्री दहाचं. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, म्हणजे आपले रात्रीचे दहा तिकडं संध्याकाळचे साडेपाच, आणि तेव्हा मी अजून हवेतच. फोनचं घड्याळ उतरल्यावर स्वतःच बदलतं आणि अलार्म भलत्याच वेळी वाजतो, म्हणून पप्पांचं जुनं मनगटी घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं. बेल्टची लाइट लागायच्या आधी लँटस घेऊन टाकलं. डॉक्टरांचा प्लॅन असा की दुसऱ्या दिवसापासून रोज दीड तास पुढं सरकवायचं, साडेपाचचे सात, मग साडेआठ, मग दहा. हा माझा प्लॅन आहे, तुमचा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, पूर्वेला जाताना तर दिवस लहान होतो आणि डोस एकमेकांवर चढू शकतात.

हीथ्रोवर उतरून इमिग्रेशनपर्यंत चालणं म्हणजे सांगलीत एसटी स्टँडवरून गणपती मंदिरात जाऊन आल्यासारखं, आणि पुढं रांग. तिथं शुगर ७१, रांगेतच उभं राहून गोळ्या चघळल्या. कस्टममध्ये कुणी काही विचारलंच नाही.

रूमवर गेल्यावर साठा फ्रीजमध्ये, मागच्या भिंतीपासून लांब, तिथं गोठतं. आणि लगेच जीपीकडं, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडं, नोंदणी. विद्यार्थ्यांनी व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी उपचारांसाठीचं शुल्क) भरलेला असतो, आणि इंग्लंडमध्ये इन्सुलिनवर असणाऱ्यांना प्रिस्क्रिप्शनचे पैसे पडत नाहीत, त्यासाठी एफपी९२ए नावाचा फॉर्म सर्जरीतूनच (जीपीच्या दवाखान्याला तिकडं सर्जरी म्हणतात) भरून घ्यायचा. पण पहिली अपॉइंटमेंट, मग रक्त तपासणी, मग डायबेटीस नर्स यात बरेच आठवडे जातात, तोवर घरून नेलेल्यावरच चालवायचं असतं.