तुम्ही विचारलंत म्हणून : शेकाप गेला कुठे?

"सर, शेकाप एवढा मोठा पक्ष होता म्हणता, मग तो गेला कुठे?" शेकापबद्दलचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाबद्दलचा, हा प्रश्न मला वर्गात विचारला गेला आहे, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे आणि अलिबागच्या एसटी स्टँडवर तर कितीतरी वेळा. विचारणारी मुलं विशी-पंचविशीची असतात. भिंतीवर गेरूने रंगवलेला खटारा, म्हणजे पक्षाची निशाणी, त्यांनी पाहिलेला नसतो. नावापुढे 'भाई' लावायची रीत त्यांना मुंबईतल्या गुंडांमुळे ठाऊक असते, शेकापच्या भाई उद्धवराव पाटलांमुळे नाही. मी रायगडात वाढलो, राज्यशास्त्र शिकवलं, आणि हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा आहे. म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

सुरुवात पक्षाच्या स्थापनेपासून केली तर काहीच कळणार नाही. ती चरीपासून करायला हवी. अलिबागजवळचं हे गाव. जमीन खोताची, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची, आणि कसणारा कूळ. भात पिकवायचं कुळाने, खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधबंदिस्ती करायची तीही कुळाने, आणि खळ्यावरून खोताचा वाटा आधी उचलला जायचा. एवढं करून कुळाचं नाव कुठल्याही कागदावर नाही. खोताच्या मनात आलं की पुढच्या पावसात जमीन दुसऱ्याला. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीत सभा झाली आणि पंचवीस गावांच्या कुळांनी ठरवलं, जमीन कसायचीच नाही. तो संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! भातावर जगणाऱ्या माणसांनी सहा पावसाळे शेतं ओसाड टाकली. डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीत मासळी धरली, मिळेल ती मजुरी केली. शेतकऱ्यांचा इतका लांबलेला संप आपल्या देशात मला दुसरा माहीत नाही. बाबासाहेब आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. १९३९ च्या कायद्याने कुळाला पहिल्यांदा थोडं संरक्षण मिळालं.

हे सगळं शेकापच्या जन्माआधीचं. पण कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, पक्ष आला तेव्हा त्याला कार्यकर्ते शोधावे लागले नाहीत, ते आधीच तयार होते. 'कृषीवल' हे वर्तमानपत्रसुद्धा १९३७ सालीच निघालं होतं.

घाटावर गोष्ट वेगळी होती. तिथे सत्यशोधक चळवळीतून आणि ब्राह्मणेतर पक्षातून घडलेली मंडळी १९३० च्या सुमारास काँग्रेसमध्ये गेली. केशवराव जेधे त्यांत सगळ्यांत मोठे. स्वातंत्र्य जवळ आलं तेव्हा त्यांना दिसलं की काँग्रेस खेड्यात पोचवली आपण, पण निर्णय घेणारे वेगळेच आहेत. जेधे आणि शंकरराव मोरे यांनी आधी काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार संघ काढला आणि ऑगस्ट १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असतानाच, वेगळा पक्ष उभा केला. क्रांतिसिंह नाना पाटील, दत्ता देशमुख, माधवराव बागल, तुळशीदास जाधव अशी एकाहून एक तालेवार माणसं त्यात होती. काँग्रेसला महाराष्ट्रात खरी धास्ती वाटावी असा हा पक्ष होता.

मग १९५० साली मालेगावजवळ दाभाडीला अधिवेशन झालं. तिथे मंजूर झालेला दाभाडी प्रबंध म्हणजे मार्क्सवाद-लेनिनवादाचा उघड स्वीकार. काहींना तो फार डावा वाटला, काहींना अर्धवट वाटला. वर्षभरात नाना पाटील आणि दत्ता देशमुख बाहेर पडले. १९५२ च्या निवडणुकीत मुंबई राज्याच्या विधानसभेत पक्षाला १४ जागा मिळाल्या, आणि १९५४ मध्ये खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले. अनेक अभ्यासक पक्षाच्या ऱ्हासाची कहाणी इथेच संपवतात. मला ते पटत नाही, कारण सगळ्यात मोठं यश यानंतर आलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शेकाप संयुक्त महाराष्ट्र समितीचा कणा होता, आणि १९५७ साली द्विभाषिक मुंबई राज्यात त्याचे ३१ आमदार निवडून आले. संस्थापक निघून गेल्यावर पक्ष दुपटीने वाढला. म्हणजे फुटीने पक्ष मरतोच असं नाही.

आता नीट लक्ष द्या. ती निवडणूक फेब्रुवारी-मार्चमधली. आणि १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्यातला कृषक दिन. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने तिचा मालक मानला गेला. शिखर आणि उतार यांच्यात फार तर महिनाभराचं अंतर आहे.

कोकणातल्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याच्या घरी जा. ट्रंकेच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, ३२ म चं प्रमाणपत्र सापडेल. आमच्याही घरी आहे. आधी तहसीलदारापुढे ३२ ग ची चौकशी व्हायची, जमिनीची किंमत ठरायची, कूळ ती हप्त्याने भरायचं आणि शेवटी हा कागद मिळायचा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात असलेलं नाव मग कब्जेदार म्हणून वर चढायचं. सोबत 'कुळकायदा कलम ४३ ला अधीन' असा शेरा, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता यायची नाही. माझ्या आजोबांच्या पिढीला या कागदाचं मोल काय होतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. ज्यासाठी चरी झाली, ते हातात आलं.

पण हातात सातबारा आलेल्या माणसाची अडचण वेगळी असते. त्याला पतपेढी हवी, विहिरीला मोटर हवी, उसाला कारखाना हवा. १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना घाटावर नमुना ठरला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, आणि या सगळ्याच्या चाव्या काँग्रेसकडे होत्या. यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण ते हेच. शेकापमधला धडपड्या तरुण काँग्रेसमध्ये गेला की त्याला कारखान्याचं संचालकपद मिळे, राहिला तर मोर्चा. यशवंतराव मोहित्यांसारखा अभ्यासू माणूसही गेला. १९६२ साली शेकापचे १५ आमदार आले, १९६७ साली १९, १९७२ साली ७.

लोक याला फोडाफोडी म्हणतात आणि चव्हाणांवर खापर फोडतात. माझं मत वेगळं आहे. माणसं फुटतात तेव्हा ती कुठून तरी आधीच सुटलेली असतात. कूळ मालक झालं, तेव्हा त्याच गावात ज्याला जमीन मिळालीच नाही असा शेतमजूर उरला होता. त्याचा प्रश्न पक्षाने जीव तोडून घ्यायला हवा होता. नावातच 'कामगार' होता! रोजगार हमीसाठी, एकाधिकार कापूस खरेदीसाठी पक्षाचे लोक लढले, हे खरं आहे, पण गावातली बैठक मालक शेतकऱ्याच्या ओटीवरच भरत राहिली. आणि मालक शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न भावाचा होता. तो चाकणच्या कांद्यापासून १९८० च्या नाशिकच्या रस्त्यांपर्यंत शरद जोशींनी उचलला. ज्या पक्षाच्या नावात पहिला शब्द 'शेतकरी', तो तेव्हा बाजूला उभा होता. मला याचं आजही वाईट वाटतं.

हे मी उगाच म्हणत नाही, याचा पडताळा इथेच, आमच्या जिल्ह्यात मिळतो. नवी मुंबईसाठी १९७० नंतर सिडको या सरकारी महामंडळाने ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन घ्यायला सुरुवात केली. पुन्हा जमीन, पुन्हा कागद, पुन्हा 'आम्ही जायचं कुठे'. दि. बा. पाटलांनी तो प्रश्न पकडला. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्याच वर्षाच्या शेवटी लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट, काँग्रेसचे चारशेच्या वर खासदार. आणि कुलाब्यातून शेकापचे दि. बा. पाटील निवडून आले. ज्या पक्षाचा मृत्युलेख लिहून झाला होता, तो देशातल्या सगळ्यात मोठ्या लाटेत तरला, कारण त्याच्याकडे लोकांचा चालू प्रश्न होता. प्रकल्पग्रस्तांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळतात ते त्या लढ्यामुळे. २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांत सेझविरुद्ध (विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध) मतदान झालं, तिथेही एन. डी. पाटलांसारखी शेकापची माणसं पुढे होती.

अगदी असंच गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं झालं, म्हणून तेही थोडक्यात सांगतो. १९६७ च्या जानेवारीत जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. पक्षाची मूळ मागणीच हरली. तरी दोन-तीन महिन्यांत त्याच मतदारांनी भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं, कारण कुळांचा, मुंडकारांचा (म्हणजे मालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्यांचा) आणि गावोगावच्या मराठी शाळांचा पक्ष तोच होता. विलीनीकरणाने तो मेला नाही. पुढे कुळांना हक्क मिळत गेले तसा तो आटत गेला.

परत रायगडकडे येतो. एवढा जिवंत आधार असून इथेही पक्ष का ओसरला? जमिनीचे पैसे झाले, हे माझं उत्तर. भूखंड मिळाले, विकले गेले, कंपन्या आल्या. प्रकल्पग्रस्ताचा मुलगा माती भरणीचं कंत्राट शोधू लागला, आणि कंत्राटासाठी सत्तेतला माणूस लागतो. पक्षाचीही उमेदवारी, संस्था, वर्तमानपत्र हळूहळू मोजक्या घरांत फिरत राहिलं. नारायण नागूंच्या घराने जिल्ह्याला पुष्कळ दिलं आहे, मुलगा दत्ता पाटील विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, प्रभाकर पाटलांनी जिल्हा परिषद गाजवली. पण ज्या कार्यकर्त्याला तीस वर्षं झेंडा धरून तिकीट मिळत नाही, त्याने किती थांबायचं? २००९ मध्ये पक्षाचे ४ आमदार होते, तिघे रायगडचे. २०१९ पासून रायगडमधून एकही नाही. दि. बा. स्वतः शेवटी दुसऱ्या पक्षात गेले होते, हेही विसरून चालणार नाही.

आणि सोलापूर जिल्ह्यातला सांगोला? हा प्रश्न हमखास येतो. शेकापचे गणपतराव देशमुख १९६२ पासून अकरा वेळा तिथून निवडून आले. फक्त १९७२ आणि १९९५ ला हरले. दुष्काळी तालुका, डोक्यावर पाण्याचा प्रश्न कायम, सहकारी सूतगिरणी नीट चालवलेली, आणि आमदार एसटीने येणारा-जाणारा. तिथे पक्ष म्हणजे रोजचं काम होतं. २०१९ मध्ये ते उभे राहिले नाहीत आणि नातू हजाराहून कमी मतांनी पडला. २०२४ मध्ये दुसरा नातू निवडून आला, आज विधानसभेत शेकापचा तो एकच आमदार आहे. मला त्याचा आनंद आहे. पण गणपतरावांच्या पुण्याईवर मिळालेली मतं आणि पक्षाची मतं यांतला फरक पुढच्या निवडणुकीआधी कळणार नाही.

मग पोरं विचारतात, "सर, परत उठेल का?" मी त्यांना विरार-अलिबाग रस्त्याच्या भूसंपादनाकडे बघायला सांगतो. नोटिसा आल्यावर शेतकरी मोबदल्याचा दर विचारायला प्रांताकडे जातो, वकिलाकडे जातो, एजंटाकडे जातो. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणजे दुसऱ्याची शेती खंडाने करणारे, वाडीवरचे कातकरी, मिठागरावर राबणारे, त्यांच्याकडे दाखवायला कागदच नाही, नव्वद वर्षांपूर्वी चरीच्या कुळांकडे नव्हता तसाच. शेकापच्या लाल बावट्याच्या किती कार्यालयांत या लोकांची नावं लिहून घ्यायला कुणी बसलं आहे, ते गावोगाव फिरून बघा आणि मला येऊन सांगा.