वडाखालची माती

वळवाचे टपोरे थेंब पडायला लागले की आमच्या पेठेतल्या वडाखाली असा वास सुटतो की गाडी स्टँडला लावून दोन मिनिटं उभं राहावंच लागतं. लहानपणी मला तो वास वडाचाच वाटायचा. निघाला मातीतल्या जिवाणूचा, स्ट्रेप्टोमायसिसचा! जिओस्मिन नावाचं द्रव्य तो बनवतो आणि आपल्या नाकाला त्याचा कणभरही पुरतो.

तेव्हापासून या दोघांना शेजारी शेजारी ठेवून बघायचा नादच लागलाय. वड आभाळात पसरतो आणि वरून पारंब्या जमिनीकडं सोडतो. हा गडी बरोबर उलटा. मातीत धाग्याला धागा फोडत पसरतो आणि खायची चणचण भासली की हवेत धागे वर काढून बीजाणूंच्या माळा धरतो. वडाचं बी पाखरं नेतात (आमच्या गच्चीच्या भेगेत एक वड त्यांनीच लावलाय, तीनदा उपटला, परत हजर). याचे बीजाणू नेतात स्प्रिंगटेल नावाचे बारके किडे, तेही त्याच वासाचा माग काढत येऊन.

वटपौर्णिमेला मान मात्र एकट्या वडाचा. सुताचे फेरे, आंबे, बुंध्याशी हळदकुंकवानं लालपिवळी झालेली माती.

आजोबांना लग्नानंतर दोनच वर्षांत क्षय झाला होता. आजीनं वडाचे उपवास धरले आणि डॉक्टरांनी सुया. रोज एक, स्ट्रेप्टोमायसिनची. आजोबा उठले आणि ऐंशी पार करून गेले. कान तेवढे कायमचे मंद झाले, ती त्या औषधाचीच खोड. हे औषध १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्यानं याच कुळातल्या जिवाणूपासून वेगळं काढलं. १९५२चं नोबेल मिळालं ते त्याचे गुरू सेलमन वाक्समन यांना, एकट्यांना. थोरल्या झाडाला मान, हे तिकडंही आहेच म्हणायचं.

यंदा पूजेहून आलेल्या आईच्या ताटातला आंबा चोखत बसलेल्या आजीला मी हे सगळं रंगवून सांगितलं. म्हटलं, तुझ्या कुंकवाला खरा राखला तो वडाखालच्या मातीतल्यानं.

आजीनं कोय ताटलीत ठेवली, बोटं पुसली.

"आसंल बाबा. पर दोरा कुठं गुंडाळू? दिसतोय व्हय त्यो?"